गोड हाय का बघ

आप्पा, तुला गार लागलं होतं का, एवढं आधी सांग. बाकीचं भांडण मागाहून करू.

हे विचारायला मला दुसरं कुणी नाही. डॉक्टर म्हणतात, पेशंटला काही कळत नसतं, भूल दिलेली असते. असेलही. पण ते स्वतः कधी त्या टेबलावर आडवे झालेले नाहीत. आपल्या घरातून त्या थंडीत जाऊन परत आलेला तू एकटाच, आणि तूही नीट काही सांगायच्या आत निघून गेलास. तुला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. आज दुपारी मी त्याच पुण्याच्या दवाखान्यात, त्याच ऑपरेशनला निघालेय. बॅग दाराशी ठेवलीय. तुझे दाजी गाडीत डिझेल भरायला गेलेत आणि मी निमगावच्या घरात, पानमळ्याकडच्या खिडकीशी बसून तुला लिहितेय. भीती वाटते म्हणून लिहितेय, उगाच दुसरं कारण सांगत नाही.

वडगावचे लोक म्हणत होते, आप्पांवर चार ओळी लिहून द्या, दूध केंद्रावर फोटोखाली लावू. जन्म कधीचा, शिक्षण किती, कुठल्या कमिटीवर होता, ते तुमचं तुम्ही लावा म्हटलं. मला त्यातलं निम्मं माहीतही नाही. मला तुझं नाक माहीत आहे.

तुझ्या नाकाची अख्ख्या वडगाव निंबाळकरला धास्ती होती. सकाळी दूध संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागायची. मशीन फॅट दाखवायचं ते नंतर. आधी तू झाकण उचलायचास, वाकून एक श्वास घ्यायचास आणि म्हणायचास, "गोड हाय." ताज्या, न नासलेल्या दुधाला डेअरीवर गोड म्हणतात, हे लग्न होऊन निमगावात आल्यावर मला इथल्या बायकांना समजावून सांगावं लागलं. दूध नासलेलं असलं तर तू काहीच बोलायचा नाहीस. गपचूप झाकण लावून किटली बाजूला सरकवायचास. समजायचं ते माणूस समजून घ्यायचा. कुणाला तोंडावर 'नासलंय' म्हटलेलं मी तुला कधी ऐकलं नाही.

आणि तुझा तो बल्क कुलर, दूध गार ठेवणारी ती स्टीलची मोठी टाकी. लाईट गेली की तू जेवणाच्या ताटावरून उठून जनरेटरकडे पळायचास. वहिनी म्हणायची, "माझ्यासाठी कधी असं पळाला न्हाईत." तू म्हणायचास, "तू नासत न्हाईस." आपलं सगळ्यात जुनं भांडण त्या टाकीवरूनच. तुझं ठरलेलं वाक्य, "गार असलं की टिकतं शालन, नासतं ते गरमीनं." मी म्हणायची, "मग तूच जाऊन बस टाकीत." मला लहानपणापासून थंडी सोसत नाही. शाळेत जाताना तू मला सायकलच्या नळीवर बसवायचास, तुझा स्वेटर माझ्या अंगात घालायचास आणि मागे दात वाजवत पायडल मारायचास. विचारलं की म्हणायचास, "मला कुठं गार लागतंय." खोटारडा होतास. म्हणून तर आता तुझ्या तोंडून खरं ऐकायचंय.

बारामतीला तुझ्या छातीची तपासणी झाली त्या दिवशी तू मला फोन केलास, तो हसत. म्हणालास, "काळजातनं निघणारी मोठी नळी हाय ना, ती फुगलीया म्हणं. जुन्या ट्यूबला फुगा येतो तसं." मी विचारलं, मग? "मग काय, बदलायची. पुष्टकाळ संपू दे." थंडीत गाई-म्हशी भरपूर दूध देतात, त्याला तुमच्यात पुष्टकाळ म्हणतात. तो संपला. मग म्हणालास, उन्हाळ्यात दूध पटकन नासतं, मी नसलो तर केंद्राचं वाटोळं होईल. उन्हाळाही गेला. मी फोनवर शिव्या द्यायची आणि तू फोन कानापासून लांब धरून वहिनीला ऐकवायचास. वर्ष असं गेलं. नळी तेवढ्यात फुगत फुगत मेंदूला रक्त नेणाऱ्या फाट्यांपर्यंत गेली.

पुण्याच्या सर्जननी आपल्या तिघांना समोर बसवून समजावलं तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. ते म्हणाले, त्या फाट्यांजवळ टाके घालायचे तर थोडा वेळ रक्त थांबवावं लागतं. मेंदूला रक्त नाही मिळालं तर तो मरतो. म्हणून आधी हृदयाचं काम मशीनवर घ्यायचं, मशीनमधून रक्त गार करत करत सगळं अंग वीस अंशांच्या आसपास उतरवायचं. गार मेंदूला भूक कमी लागते, तो तेवढा वेळ तग धरतो. वहिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आपल्याकडे माणसाचे पाय गार पडले की बायका सुंठ उगाळून तळव्याला चोळायला घेतात, आणि हे म्हणतात, मुद्दाम गार करायचं.

तू मात्र खुशीत आलास. "म्हंजे बल्क कुलरच की. दूध झोपतं, तसा मी झोपणार."

सर्जन हसले, पण मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आप्पा, दूध थंड केलं की ते नुसतं टिकवायचं असतं. माणसाला परत जागं करायचं असतं. रक्त मशीनच्या नळ्यांतून फिरलं की शरीराला वाटतं, कुणी परकं घुसलंय. मग ते खवळतं. सूज येते, ती मेंदूलाही येऊ शकते. थंडीनं ती बरीच दबते. पण सगळी दबेल असं मी लिहून देऊ शकत नाही."

तू एकच विचारलंस. "परत गरम करताना किती वेळ लावता?"

"सावकाश करतो. घाई केली तर मेंदूला तेच बाधतं."

तू माझ्याकडे बघून मान डोलावलीस. "बघ. गार दूध एकदम मोठ्या जाळावर कोण ठेवतं का?" जणू डॉक्टर तुझ्याच केंद्रावर शिकून आले होते. मला त्या वेळी तुझा राग आला. समोर तुझ्या जिवाचं चाललं होतं आणि तू दुधाचं सांगत होतास. आता कळतं, तुला दुसऱ्या कशाचं बोलता येत नव्हतं.

ऑपरेशन झालं. नवी नळी बसली, टाके धरले. दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस आणि चहा मागितलास. मी बाहेर येऊन वहिनीच्या गळ्यात पडून रडले. आपण सुटलो असं मला वाटलं. ते वाटणं मी आता विसरू बघते, कारण त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

त्यानंतरच्या दिवशी आत गेले तर पलंगावर तू होतास आणि नव्हतास. डोळे उघडे, पण माझ्यामागे कुठंतरी बघणारे. नळ्या ओढशील म्हणून हात मऊ पट्ट्यांनी बांधलेले. "लाईट गेलीय. जनरेटर लावा. कोण हाय तितं? जनरेटर लावा." सिस्टरला म्हणालास, "तुमची किटली मागं घ्या, पयली ह्यांची." त्या बिचारीला काही कळेना. वहिनी दाराशीच थांबली, तिला आत पाऊल टाकवेना. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला तर तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझ्या चेहऱ्यावर जी भीती आली, ती मी आयुष्यात तुझ्या तोंडावर पाहिली नव्हती. विहिरीत पडलेल्या रेडकाच्या मागे उडी मारलीस तेव्हा नाही, आबांसारखा बाप गेला तेव्हाही नाही.

"शालन," म्हणालास. "लाईट लई येळ गेलीवती. मी नासलो का काय, वास घे."

बांधलेला हात जेवढा उचलता आला तेवढा उचललास. मनगट माझ्याकडे केलंस. "गोड हाय का बघ."

मी वाकले. तुझ्या मनगटाला नाक लावलं आणि म्हटलं, "गोड हाय, आप्पा."

"खरं?"

"खरं. गोड हाय."

तू डोळे मिटलेस. हात सैल पडला. त्यानंतर तू जनरेटरचं नाव काढलं नाहीस. दुसरंही काही बोलला नाहीस. तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं म्हणजे तो एक शब्द, 'खरं?'

मेंदूला सूज आहे, डॉक्टर म्हणाले. बऱ्याच जणांची उतरते, माणूस भानावर येतो, थोडा धीर धरा. मग ताप चढला. ताप सुजलेल्या मेंदूला वाईट, म्हणून तुझ्या अंगाखाली गार पाणी फिरणारी गादी घातली. मी जन्मभर थंडीच्या नावानं बोटं मोडणारी बाई, काचेबाहेर उभी राहून देवाला म्हणत होते, ह्याला गार कर, अजून गार कर. आत सोडलं की आधी तुझे पाय चाचपायची. गार लागले की बरं वाटायचं. असं उलटं कधी झालं नव्हतं. तरी सूज उतरली नाही. कुणाची चूक नव्हती आप्पा, मी खोदून खोदून विचारलं. मला कुणाची तरी चूक हवी होती. चूक असली असती तर मला वाटलं असतं की माझ्या वेळी ती टाळता येईल.

तुझा सागर बंगळूरहून यायचा होता, म्हणून वडगावात आणल्यावर तुला काचेच्या गार पेटीत ठेवलं. ती पेटी घरघरत होती, अगदी तुझ्या कुलरसारखी. वहिनीनं आतून गोधडी आणली आणि काचेवर टाकली. मोठ्या चुलती म्हणाल्या, "काढ गं ती, तोंड दिसंना." वहिनी म्हणाली, "दिसू नगं. त्यास्नी गार लागतंय." गोधडी तशीच राहिली. तिला तुझं सायकलवरचं खोटं माहीत होतं की काय कोण जाणे.

आणि तिसऱ्या दिवशीचं सावडणं. राख निववायला दूध लागतं, ते घरचं थोडं नेतात. तुझ्या राखेला सगळं गाव किटल्या घेऊन आलं. ज्यांच्या किटल्या तू बाजूला सरकवल्यास तेही आले. आणि आपले उत्तमतात्या, तुझ्या केंद्रावर वजनकाट्याला बसायचे ते, ओतायच्या आधी प्रत्येक किटलीचं झाकण उचलून वास घ्यायला लागले. सवयच. एकाची किटली त्यांनी झाकण लावून बाजूला ठेवली. तो गडी कावराबावरा. "तात्या, राखंतच वतायचंय की." तात्या म्हणाले, "आप्पाच्या राखंत वतायचंय." मी त्या स्मशानात हसले. तोंडाला पदर लावून हसले, आणि सागरला वाटलं आत्या रडतेय, त्यानं मला जवळ घेतलं. तू असतास तर तूही हसला असतास. दूध ओतलं तशी वाफ निघाली आणि राख निवली.

डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, असलं घराण्यात चालतं, रक्ताच्या सगळ्यांनी तपासून घ्या. आबा उसाच्या सरीत पाणी धरताना उभ्या उभ्या कोसळले, त्याला आपण इतकी वर्षं अटॅक म्हणत आलो. ते काय होतं कोण जाणे. दहावं झाल्यावर सागर तपासून आला, त्याचं चांगलं निघालं. मी बारामतीला गेले ती तुझ्या दाजींच्या समाधानासाठी. मला काय होतंय, हिंडती-फिरती बाई, पानाच्या वेलींना शिडी लावून चढते. त्या मशीनच्या खोलीत एसी इतका गार होता की मी थरथरत होते. आतला पोरगा म्हणाला, "काकू, हलू नका." बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बसा म्हटलं आणि दाजींनाही आत बोलवा म्हटलं, तेव्हाच काय ते कळलं.

तीच नळी. तसाच फुगा. तुझ्याएवढा मोठा नाही, पण फाट्यांच्या तोंडाशी आलेला. थांबण्यात अर्थ नाही म्हणाल्या. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "पानांचा खुडा होऊ दे, मग बघू." दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की माझं मलाच ऐकू आलं. तुझा पुष्टकाळ माझ्या तोंडून बोलत होता. वर्षभर तुला ज्याच्यासाठी शिव्या दिल्या, ते मला पहिल्याच मिनिटाला सुचलं. भीतीला कामाचं नाव दिलं की ती भीती वाटत नाही, एवढंच ते. तुला मी आळशी म्हटलं, हट्टी म्हटलं, दुधापायी वेडा म्हटलं. घाबरलास असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित आपण दोघं बसून घाबरलो असतो आणि लवकर गेलो असतो.

सर्जननी मला सगळं पुन्हा सांगितलं. तुमचं लवकर कळलंय, रक्त थोडाच वेळ थांबवावं लागेल, भावाच्या मानानं धोका कमी. गार मात्र करावंच लागेल. मी विचारलं, "सावकाश गरम कराल ना?" त्यांनी पुन्हा चष्मा काढून ठेवला. "सावकाशच करतो." त्यांना तू आठवलास, मला दिसलं.

मरणाची मला तेवढी भीती नाही रे. मला भीती वाटते ती परत येण्याची. डोळे उघडतील आणि आत भलतीच कुणी असेल. पोरीला म्हणेन, तू कोण. शिडी लावा, वेली पडल्या, म्हणून ओरडेन. सगळ्यांसमोर हात पुढे करेन, आणि माझ्या घरात वास घेणारं कुणी नाही. पानमळ्यातली माणसं आहेत ही, पान उजेडात धरून बघतात. त्यांना काय कळणार मी काय मागतेय.

तुझ्यामागे केंद्र बंद होईल असं सगळे धरून चालले होते. तेराव्याच्या दुसऱ्या सकाळी वहिनी जाऊन किटल्यांपुढे उभी राहिली. उत्तमतात्या सांगतात, तिचं नाक तुझ्यापेक्षा तिखट आहे, तुझ्या आजारपणात निम्म्या किटल्या तीच बघायची. पण ती तुझ्याहून कडक. नासकं असलं तर झाकण लावते आणि माणसाच्या तोंडाकडे बघतही नाही. बोलणं मुळातच कमी. तुझं असं झाल्यापासून तिनं मला धीराचा एक शब्द दिला नाही, 'सगळं नीट होईल' तर नाहीच. मला त्याचं वाईट वाटत होतं.

इथपर्यंत लिहिलं आणि दार वाजलं. वहिनी. सकाळचं संकलन आटपून बारामती-इंदापूर एसटीनं आलेली, हातात ती काचेवर टाकलेली गोधडी, धुऊन घडी घातलेली. केंद्र तात्यांवर सोडलं म्हणाली. दवाखान्यात माझ्याजवळ ती बसणार.

"वैनी, तुम्हाला त्या खोलीत पुन्हा यायला..."

"मागल्या येळंला दारात ऱ्हायले. आता आत बसणार हाय." गोधडी माझ्या बॅगेवर ठेवली. मग माझ्याकडे बघत राहिली. तिनं माझा उजवा हात धरला, मनगट वर केलं, वाकली आणि एक श्वास घेतला. किटलीवर वाकते तशीच.

ती काहीच बोलली नाही तर, असं वाटलं.

"गोड हाय," वहिनी म्हणाली.

आप्पा, मला त्या शब्दाची किंमत माहीत आहे. तुझ्या मनगटाला मला स्पिरिटशिवाय कसलाच वास आला नव्हता. मला दुधाचं काय कळतं? तू विचारलंस म्हणून मी म्हटलं, आणि तू खरं का विचारलंस तरी पुन्हा म्हटलं. मी हात सोडवून घेऊ लागले. म्हटलं, "वैनी, माझ्यासाठी उगाच बोलू नका. मीपण आप्पाला हेच सांगितलं होतं."

"ठावं हाय. दारातनं ऐकलं." तिनं हात सोडला नाही. "तुमाला तवा वास आला व्हता का?"

"नव्हता आला."

बाहेर दाजींच्या गाडीचा हॉर्न वाजला. वहिनीनं बॅग उचलली आणि गोधडी माझ्या खांद्यावर टाकली.

"मला येतो," म्हणाली. "चला, वन्सं."